टँजियर इंग्रजांनी सोडलंच नसतं तर – प्रकल्प नोंदी

१२ जून

नवीन फोल्डर उघडला. यावेळी पानिपत नको, पेशवे नकोत हे तिघांचंही आधीच ठरलेलं, "आपण जिंकलो असतो तर" हा विषय चघळून चघळून त्याचा पार चोथा झालाय. अट एकच, उत्तर आफ्रिकेतला एखादा देश घ्यायचा जो युरोपातल्या कुठल्यातरी राजाच्या गादीला बांधलेला राहिला आणि आजपर्यंत टिकला, आणि तो का टिकला हे वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. "मग मोठी लढाई जिंकली" असं एका ओळीत उरकायचं नाही.

तीन नावं आली. सिसिलीचा नॉर्मन राजा रॉजर दुसरा, त्याच्या आरमाराने ११४८ मध्ये महदिया घेतलं पण ११६० मध्ये मोरोक्कोच्या अल्मोहाद राजवटीने ते परत घेतलं, इतक्या छोट्या राज्यावर पुढची आठशे वर्षं रचायची म्हणजे सगळं आपल्याच मनचं होणार. मग इटलीचं लिबिया, १९३९ मध्ये किनाऱ्याचे चार प्रांत थेट इटलीतच धरले होते, पण तिथल्या छावण्यांमध्ये लोकांचं काय झालं ते वाचल्यावर त्यावर हौसेने रंगीत नकाशे काढायला कोणाचा हात पुढे होईना. राहिलं टँजियर, मोरोक्कोच्या वरच्या टोकाचं, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या तोंडावरचं. इब्न बतुता इथलाच, १३०४ चा जन्म, तोच जो पुढे फिरत फिरत आपल्या दौलताबादला येऊन गेला.

टँजियर घ्यायचं खरं कारण वेगळंच आहे. २३ जून १६६१ च्या ज्या तहात पोर्तुगालने कॅथरिन ऑफ ब्रगान्झाबरोबर दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण दिली त्याच तहात टँजियर पण दिलं होतं, शिवाय रोख रक्कम. शाळेत आपल्याला अर्धंच आंदण शिकवलंय.

कामाची वाटणी अशी: टाइमलाइन माझ्याकडे, नकाशे मॅपवाल्याकडे, घटना-कायदा वगैरे वकीलबाईंकडे कारण त्या खरोखरच्या वकील आहेत.

१५ जून

आधी जे खरंच घडलं ते एका फाइलमध्ये लिहून काढतोय म्हणजे नंतर खरं कुठलं आणि आपलं कुठलं याचा घोळ नको. खरं ते काळ्या रंगात, आपलं ते हिरव्या रंगात.

पोर्तुगीजांनी टँजियर १४७१ मध्ये घेतलं, म्हणजे इंग्रजांना देईपर्यंत जवळजवळ १९० वर्षं त्यांच्याकडे होतं. जानेवारी १६६२ मध्ये पोर्तुगीजांची एक तुकडी तटाबाहेर गेली आणि कापली गेली, गावात भीती पसरली, तेव्हा इंग्रज आरमार घेऊन बाहेर समुद्रात थांबलेल्या लॉर्ड सँडविचने आपले खलाशीच तटावर चढवले आणि महिनाअखेरीस लॉर्ड पीटरबरो फौज घेऊन पोचला, तो पहिला गव्हर्नर. पोर्तुगीज रहिवासी बहुतेक सगळे घरदार आवरून लिस्बनला गेले. म्हणजे इंग्रजांच्या हाती आलं ते गाव नव्हतं, रिकाम्या घरांचा तटबंद वाडा होता.

याच वर्षी आपल्याकडे काय चाललंय बघा. सप्टेंबर १६६२ मध्ये अब्राहम शिपमन मुंबई घ्यायला आला तर पोर्तुगीज व्हाइसरॉय देईना, मग ती सगळी फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडली आणि तापाने, उपासमारीने माणसं पटापट गेली, शिपमन स्वतः १६६४ मध्ये तिथेच गेला. मुंबई हातात आली फेब्रुवारी १६६५ मध्ये, हम्फ्री कुकच्या. थोडक्यात, टँजियर पहिल्या झटक्यात मिळालं आणि मुंबईसाठी नाकी नऊ आले, आणि शेवटी टिकली मुंबई. हे उलटं का झालं त्यावरच सगळा प्रकल्प उभा आहे.

१९ जून

आज दिवसभर धक्क्यात अडकलो. ऑफिसातून आल्यावर एक तास बघू म्हणून बसलो तो रात्रीचा दीड वाजला.

टँजियरचा उपसागर मोठा आहे पण उघडा आहे, पूर्वेकडून शेर्गी वारा सुटला की जहाज नांगरावर थांबणं मुश्किल, म्हणून इंग्रजांनी ठरवलं समुद्रात दगडी धक्का टाकायचा. १६६३ मध्ये कंत्राट झालं, दर १३ शिलिंग घन यार्डाला, आणि काम बघायला ह्यू चम्ली, यॉर्कशरच्या व्हिटबीचा माणूस, त्याच्या घराण्याला तिथल्या बंदराच्या कामाचा अनुभव. दगडाची खाण टँजियरच्या पश्चिमेला उघडली आणि तिथल्या कामगारवस्तीला नावही व्हिटबीच पडलं. चम्लीची पद्धत साधी, दगड आणायचे आणि समुद्रात ओतायचे, ओतत राहायचे. दरवर्षी हिवाळ्यात वादळ यायचं आणि त्यातले काही घेऊन जायचं. त्याच्यानंतर हेन्री शीअर्सने जिनोआची पद्धत आणली, लाकडाच्या अवाढव्य पेट्या बांधायच्या, तरंगत जागेवर न्यायच्या, आत दगड-चुना भरून बुडवायच्या, म्हणजे लाट एका दगडाला न भिडता अख्ख्या पेटीला भिडते. ही पद्धत चालली. धक्का १४०० फुटांच्या वर गेला आणि खर्च गेला साधारण ३,४०,००० पौंडांवर. त्या काळातले तीन लाख चाळीस हजार!

आणि मग सप्टेंबर १६८३ मध्ये लॉर्ड डार्टमथ आरमार घेऊन आला तो हाच धक्का सुरुंगाने उडवायला. म्हणजे मोरोक्कोच्या हाती बंदर लागू नये. उडवायला पण महिने लागले, शीअर्सच काम बघत होता, स्वतः बांधलेलं स्वतःच पाडायचं. फेब्रुवारी १६८४ मध्ये शेवटचे इंग्रज निघाले.

मॅपवाल्याला सांगितलंय, धक्क्याचा वेगळा लेयर कर, १६७० चा वेगळा, १६८३ चा वेगळा. वेन्सेस्लाउस हॉलरने १६६९ मध्ये तिथे जाऊन काढलेली चित्रं आहेत, तट, बुरूज, मागचे डोंगर सगळं नीट दिसतं, त्यावरून काढता येईल.

२० जून

मॅपवाल्याचा निरोप: "डोंगर बघितलेस का?" बघितले. गाव परातीच्या तळाशी आहे आणि काठावर बसून कोणीही आत बघू शकतो. आमच्या देशाचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हा आहे, राजा-बिजा नंतर.

२४ जून

पैसा कोण देणार यावर आज कॉलवर जोरदार वाद.

मॅपवाल्याचं म्हणणं सोपं होतं, मुंबईला जे केलं तेच इथे करायचं. १६६८ मध्ये चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, भाडं वर्षाला १० पौंड सोनं, आणि स्वतः खर्चातून मोकळा झाला, वर कंपनीने कर्ज पण दिलं. मग टँजियरही एखाद्या कंपनीला द्या, झालं, देश वाचला.

मला हे पटत नाही आणि का ते इथे नीट लिहून ठेवतो. कंपनी सुरतेला आधीपासून बसलेली होती, धंदा चालू होता, पण मुघल सुभेदाराच्या मर्जीवर, तिला स्वतःचं बंदर हवंच होतं. मुंबई तिच्या गरजेला आली. टँजियरच्या मागे असा चालू धंदा कुठला? मोरोक्कोतल्या फेस शहराहून मेण, कातडी, थोडं तांबं, एवढ्यावर तीन हजारांची फौज पोसायला कुठला व्यापारी येईल? करमुक्त बंदर जाहीर करून बघितलं होतं, १६६८ मध्ये सनद देऊन मेयर आणि नगरसभा पण बसवली, तरी सगळ्यात मोठा धंदा म्हणजे फौजेलाच माल पुरवणं आणि त्या पुरवठ्यात पैसे खाणं. लंडनच्या टँजियर कमिटीचा खजिनदार पीप्स, डायरीवाला, त्यालाही त्यातून चांगली प्राप्ती झाली आणि हे तो स्वतःच डायरीत लिहितो, ही त्याची मला आवडणारी गोष्ट.

म्हणजे खर्च राजाचा आणि राजाकडे पैसे नाहीत, पार्लमेंटकडे मागायचे. आणि पार्लमेंट १६७९ ते ८१ एकाच गोष्टीवर अडून बसलेलं, राजाचा भाऊ जेम्स कॅथलिक आहे त्याला गादीवरून बाद करा, मग टँजियरला पैसे देतो. त्यांना भीती अशी की टँजियरच्या फौजेत कॅथलिक अधिकारी आणि आयरिश शिपाई भरलेत, उद्या हीच फौज आपल्यावर आणतील. राजाने १६८१ मध्ये पार्लमेंटच बरखास्त केलं आणि मरेपर्यंत पुन्हा बोलावलं नाही. मग पैसे कुठून येणार, टँजियर सोडणंच आलं. मूर (म्हणजे मोरोक्कोच्या) लोकांनी घेतलं नाही, लंडनच्या हिशेबवहीने घेतलं.

वकीलबाई शेवटी एवढंच म्हणाल्या की मग कंपनी सोडा, पैसे देणारा राजा शोधा. नेमकं!

२७ जून

१६८० चा वेढा लिहिला. हा भाग काळ्या रंगातला, पण वाचताना हिरवा वाटतो.

बाहेरच्या छोट्या किल्ल्यांना मोरोक्कोच्या फौजेने खंदक खणून गावापासून तोडलं. चार्ल्स फोर्टमधले लोक आणि गावातले लोक कर्णे लावून एकमेकांशी बोलत होते आणि बोलत होते आयरिशमध्ये, कारण वेढा घालणाऱ्यांमध्ये फुटून गेलेले इंग्रज होते, इंग्रजीत ओरडलं की त्यांना कळणार. ज्या आयरिश शिपायांची लंडनला भीती त्यांच्याच भाषेत वेढ्यातली सगळी गुपितं चाललेली. मग किल्ल्यातल्यांनी तोफा निकामी केल्या, सुरुंग पेरला आणि खंदक ओलांडत गावाकडे धावत सुटले, थोडे पोचले, बरेचसे मधेच मारले गेले. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी बाहेर पडून लढाई जिंकली आणि नंतर चार वर्षांचा तह झाला.

त्याआधी १६६४ च्या मे महिन्यात गव्हर्नर टेव्हियट तटाबाहेर निघाला आणि स्थानिक सरदार घैलानच्या लोकांनी दबा धरून त्याच्यासकट साडेचारशेच्या वर माणसं मारली, ते मी दोन ओळीत उरकलंय, मॅपवाला नाराज आहे कारण त्याने त्या टेकडीचा वेगळा नकाशा केला होता. घालू परिशिष्टात.

१ जुलै

सापडलं! इतके दिवस वळणाचा बिंदू ठरत नव्हता तो तारखा शेजारी शेजारी लावताना मिळाला.

२७ डिसेंबर १६८३, मुंबई. कॅप्टन रिचर्ड केग्विन कंपनीविरुद्ध बंड करतो, डेप्युटी गव्हर्नरला पकडतो आणि जाहीर करतो की आजपासून मुंबई थेट राजाची, कंपनीची नाही. शिपायांचा पगार कापलेला, जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार मुंबईत ठाण मांडून बसायचं आणि कंपनी त्याला काही बोलत नव्हती, हे सगळं साठलेलं. केग्विन जवळजवळ वर्षभर मुंबई चालवतो आणि संभाजी महाराजांशी तहाची बोलणी करून कंपनीपेक्षा बऱ्या अटी मिळवतो. शेवटी राजाचाच हुकूम येतो की मुंबई कंपनीला परत करा, आणि नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर तो सोडतो.

त्याच डिसेंबरमध्ये टँजियरला राजाची माणसं धक्क्याला सुरुंग लावतायत. एकाच आंदणातली दोन गावं, एका गावातले शिपाई ओरडतायत आम्हाला राजा हवा, आणि राजा दुसरं गाव उडवून मोकळा होतोय. हे दोन्ही एका पानावर मी तरी कुठे वाचलं नव्हतं, रात्री अकराला वकीलबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या अरे सकाळी सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

तर बिंदू असा. टँजियर सोडलं फेब्रुवारी १६८४ ला आणि चार्ल्स मेला फेब्रुवारी १६८५ ला. फक्त एक वर्ष. त्याच्यामागून आला जेम्स, जो टँजियर कमिटीवर होता, ज्याच्या नावाचा (तो तेव्हा ड्यूक ऑफ यॉर्क) यॉर्क कॅसल तिथे उभा होता, आणि १६८५ च्या पार्लमेंटने त्याला हयातभराचं चांगलं उत्पन्न मंजूर करून दिलं. पैसे असलेला राजा. चार वर्षांचा तहही १६८५ पर्यंत चालणारच होता. म्हणून आमच्या टाइमलाइनमध्ये (हिरवा रंग) डार्टमथची मोहीम वर्षभर पुढे ढकलली जाते, आरमाराला पैसे नाहीत म्हणून. म्हणजे पैसे नव्हते म्हणून सोडलं त्याऐवजी सोडायलाही पैसे नव्हते. यात खोटं वाटण्यासारखं काही नाही, त्या काळातल्या खलाशांचे पगार वर्षानुवर्षं थकलेले असायचे.

४ जुलै

एक धागा ओढला की दुसरा उसवतो. टँजियरची फौज खऱ्या इतिहासात इंग्लंडला परत आली आणि जुलै १६८५ मध्ये सेजमूरला ड्यूक ऑफ मन्मथच्या (चार्ल्सचा अनौरस मुलगा, गादीवर हक्क सांगणारा) बंडाविरुद्ध लढली, कर्नल पर्सी कर्कची पलटण, झेंड्यावर कोकरू, आणि नंतर लोकांना फासावर चढवण्यात इतकी निर्दय की "कर्कची कोकरं" हे नाव शिवीसारखं वापरलं जायचं. आमच्या जगात ही फौज टँजियरलाच आहे. मग सेजमूर कोण जिंकणार?

दोन रात्री यावर गेल्या. ठरलं असं की जेम्सच जिंकतो, कारण मन्मथचे लोक विळे-कोयते बांधून आलेले शेतकरी-विणकर होते आणि राजाकडे इतर पलटणी होत्या, पण जिंकायला जास्त दिवस लागतात आणि जेम्स जास्त घाबरतो. तेवढं पुरे. त्यापुढे १६८८ येतंच, जेम्सचा जावई, हॉलंडचा विल्यम गादी घ्यायला येतो, जेम्स पळतो.

आणि टँजियर कोणाच्या बाजूने? कर्क खऱ्या इतिहासात विल्यमला मिळाला. त्याचा किस्सा सांगतात की जेम्सने त्याला कॅथलिक हो म्हटलं तर हा म्हणाला, माफ करा, मी मोरोक्कोच्या सुलतानाला आधीच शब्द दिलाय, धर्म बदललाच तर मुसलमान होईन. असा माणूस गव्हर्नर असेल तर टँजियर वाऱ्याच्या दिशेने जाणार हे उघड आहे. फौजेतले आयरिश बिथरतात, गावात दोन दिवस गोळीबार, मग विल्यमचा झेंडा. एक पान, जास्त नाही.

९ जुलै

आता खरा पाहुणा, मोरोक्कोचा सुलतान मौले इस्माईल. १६७२ ते १७२७, पंचावन्न वर्षं राज्य. याने १६८१ मध्ये मामोरा घेतलं, १६८९ मध्ये लाराश, १६९१ मध्ये असिला, म्हणजे स्पॅनिशांची अटलांटिक किनाऱ्यावरची ठाणी दहा वर्षांत साफ. आमचं टँजियर या तिघांच्या वर उत्तरेला, मग त्याला का सोडेल? वकीलबाईंचा हाच आक्षेप आणि तो रास्त आहे.

सेउटा (त्याच किनाऱ्यावरचं स्पेनचं ठाणं) का टिकलं ते बघितलं. इस्माईलने १६९४ ला वेढा घातला तो त्याच्या मरणापर्यंत, १७२७ पर्यंत चालला आणि सेउटा पडलं नाही. पण सेउटा जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं आहे, एका बाजूला भिंत घातली की झालं, बाकी समुद्र. टँजियरला ते नाही, तिथे परातीचा काठ आहे. म्हणजे टँजियर तटाच्या जोरावर टिकणार नाही, त्यासाठी इस्माईललाच टँजियरची गरज वाटली पाहिजे.

गरज कसली? दारूगोळा. इस्माईलला बंदुका आणि दारू हवी असायची, त्याच्या दूताने, मुहम्मद बिन हद्दूने, १६८२ मध्ये लंडन गाजवलं होतं, भेट म्हणून सिंह आणि शहामृग घेऊन गेला होता, हाइड पार्कात त्याची घोडेस्वारी बघायला गर्दी व्हायची. आणि इंग्रजांना काय हवं? मांस, धान्य, वैरण. इथे जिब्राल्टरचं उदाहरण चपखल बसतं, १७०४ मध्ये इंग्रज अॅडमिरल रूकने जिब्राल्टर घेतलं तर स्पेनने जमिनीचा रस्ता बंद केला आणि ती फौज जगली मोरोक्कोहून येणाऱ्या गुरांवर आणि भाजीवर, तेतुआन आणि टँजियरहून. १७२१ च्या तहात सुलतानाशी हे सगळं रीतसर लिहून घेतलं. जे टँजियर इंग्रजांनी सोडलं तिथूनच पुढे त्यांच्या जिब्राल्टरचं जेवण यायचं.

मग आमच्या जगात हाच तह पंचवीस-तीस वर्षं आधी होतो. अटी (हिरव्यात): इंग्रज तटाबाहेर किल्ले बांधणार नाहीत, काठावरच्या टेकड्या सुलतानाच्या, बाजार तटाच्या दाराशी दोघांचा, जकात अर्धी-अर्धी, दरवर्षी ठरलेले दारूचे पिंप, आणि दोन्हीकडच्या कैद्यांची अदलाबदल. मॅपवाला म्हणतो हा कसला देश, ज्याच्या टेकड्या पण त्याच्या नाहीत. पण मला वाटतं म्हणूनच तो टिकतो. ज्या ठाण्यांनी नुसत्या तोफांवर भिस्त ठेवली ती एकेक करून गेली, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं माझगन तेवढं १७६९ पर्यंत राहिलं आणि तेही शेवटी रिकामं करून अख्खं गाव जहाजात घालून ब्राझीलला नेलं.

नकाशा लहान झाला. मॅपवाल्याने रागाने स्केल वाढवून दिलाय, आता प्रत्येक गल्ली दिसते, उलट बरंच झालं.

१४ जुलै

घटना. वकीलबाईंनी जर्सी-गर्न्सीचा नमुना घेतला, ही बेटं राजाची आहेत पण ब्रिटनचा भाग नाहीत, पार्लमेंटमध्ये खासदार नाही, स्वतःचे कायदे, स्वतःचे कर. टँजियरही तसंच: राजाचा गव्हर्नर, १६६८ च्या सनदेतली नगरसभा वाढवून केलेलं सभागृह, आणि बाजाराच्या भांडणांसाठी मिश्र कोर्ट, एक न्यायाधीश इंग्रज आणि एक काझी. १६७० च्या दशकात गव्हर्नरने ज्यूंना गावाबाहेर काढलं होतं ते आमच्या जगातही घडतं, झाकायचं नाही, तहानंतर ते परत येतात कारण तेतुआनशी सगळा व्यवहार त्यांच्याशिवाय होतच नाही.

झेंडा, नाणी यावर मॅपवाल्याने सहा डिझाइन पाठवलेत. कोकरू असलेला घेतला. पुढे.

१८ जुलै

एकोणिसावं-विसावं शतक भराभर. जिब्राल्टर आमच्या जगात स्पेनकडेच राहतं, दोन-दोन ठाणी पोसायला लंडन तयार होणार नाही. १९०४ च्या इंग्रज-फ्रेंच करारात "इजिप्त आमचं, मोरोक्को तुमचं" असं वाटप झालं, त्यात टँजियर आधीच बाजूला. खऱ्या इतिहासातला आंतरराष्ट्रीय विभाग, १९२३ च्या करारातला, तो होतच नाही, त्यामुळे हेर, बँका, सोन्याचे सौदे हे सगळं थोडं फिकं पडतं याचं मला वाईट वाटतंय. १९४० मध्ये खऱ्या स्पेनने टँजियर बळकावलं होतं, आमच्या जगात फ्रँको नुसता डोळे वटारतो.

१९५६ ला मोरोक्को स्वतंत्र होतो आणि टँजियर मागतो. मागणारच, का नाही मागणार, सेउटा आणि मेलिया आजही मागतोय. आमचं सभागृह तिथे अडकतं: जुन्या तहाने टेकड्या मोरोक्कोच्या, पाणी टेकड्यांवरून, बाजार अर्धा त्यांचा, लोक निम्म्याहून जास्त रिफचे (उत्तर मोरोक्कोच्या डोंगराळ भागातले), आणि नोटेवर राणी. यावर आम्ही तिघं तीन मतांचे. वकीलबाई म्हणतात सार्वमत घ्या, मॅपवाला म्हणतो देश ठेवायचा असा प्रकल्प आहे म्हणून ठेवा. माझं मत, जुना तहच नव्याने करा, गादी राहू दे पण बंदर आणि जकात दोघांची, आणि खऱ्या मोरोक्कोने २००७ मध्ये पूर्वेला टँजर-मेड नावाचं प्रचंड बंदर सुरू केलं ते आमच्या जगातही होऊ द्या, म्हणजे आमच्या चिमुकल्या धक्क्याला कोणी विचारणार नाही आणि भांडण आपोआप थंड होईल.

मतदान झालं, दोन विरुद्ध एक, माझं पास. मॅपवाल्याने अट घातली की मग धक्का निदान नकाशावर पूर्ण लांबीचा काढणार, शीअर्सच्या पेट्यांसकट, आणि कोणी काही बोलायचं नाही.

राहिलेली कामं: टेव्हियटच्या टेकडीचा नकाशा परिशिष्टात टाकणे, केग्विनवर दोन पानं (आमच्या जगात त्याचं पत्र टँजियरच्या कर्कला पोचतं का, ते ठरवा), जकातीचा तक्ता वकीलबाईंकडून. काळा-हिरवा रंग छापताना सारखाच दिसतोय, हिरव्याला तिरका टाइप करून टाकतो.